वरमाला गावातच गुंफली जावी

लग्नसराईच्या दिवसांत बल्लारपूरच्या बाजारातील फुलांची दुकाने गजबजलेली असतात. वरवधूंचे हार, मुंडावळ्या, गजरे, वेण्या, मोटारीवर सोडावयाच्या माळा, आणि अलीकडे स्वागतसमारंभात नवरीच्या हाती द्यावयाचा पुष्पगुच्छ, ही सारी सामग्री तेथे मिळते. मात्र तीतील फूल बहुतांशी आपल्या तालुक्यातले नसते. नागपूरच्या सीताबर्डीवरील फूलबाजारातून दीडशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून ते येते. आणि नागपुरास पोहोचण्यापूर्वीही त्यातील कित्येक फुलांनी दूरचा पल्ला गाठलेला असतो. झाडावरून तुटल्यापासून मांडवात येईपर्यंत त्याचा एखादा दिवस, कधी दोन दिवसही, वाटेतच जातात. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढणे ही नवलाची गोष्ट नाही. अशा उन्हातून आलेल्या निशिगंधाच्या पाकळ्या कडेने तपकिरी पडतात, आणि वर पाणी शिंपडून तो हार ताजा भासविला जातो. लग्नघर ते मुकाट्याने स्वीकारते, कारण दुसरा हार मिळावयाचा नसतो.

आपली पत्रके आणि प्रशिक्षणवर्ग फुलशेतीविषयी बोलतात ते जमीन, लागवड, खते, कीडनियंत्रण येथपर्यंत. फूल तोडले की कृषी कार्यकर्त्याचे काम संपले, अशी एक समजूत रूढ झाली आहे. बल्लारपूरसारख्या ठिकाणी हा क्रम उलटा करावयास हवा, असे माझे मत आहे. आधी हार गुंफणारे हात तयार करावे. मग त्या हातांना पुरेल एवढेच फूल लावावे. यामागील कारण साधे आहे. सुट्या फुलाचा भाव व्यापारी ठरवितो, आणि तोही फूल त्याच्या ओट्यावर जाऊन पडल्यावर. परत नेण्याची सोय नसलेल्या मालाला कसला भाव मिळणार? दसरा-दिवाळीच्या दिवसांत झेंडूचे ढीग रस्त्याच्या कडेला टाकून घरी परतणारे शेतकरी आपण सर्वांनी पाहिले आहेत. बांधलेल्या हाराचा भाव मात्र लग्नघराशी आठ-पंधरा दिवस आधी बोलून ठरतो, विसार घेता येतो, आणि त्या किमतीत फुलापेक्षा हाताच्या कामाचा वाटा मोठा असतो. ज्या कुटुंबाजवळ जमीन थोडी आणि हात पुष्कळ, त्याच्यासाठी हा व्यवहार अधिक सोयीचा आहे.

बल्लारपूर हे या कामासाठी विशेष अनुकूल गाव आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहाच्या नावाने वर्धा नदीकाठी वसलेल्या या नगरात कागद कारखाना, कोळशाच्या खाणी आणि दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील मोठे स्थानक यांमुळे निरनिराळ्या प्रांतांचे लोक येऊन स्थायिक झाले. प्रत्येकाच्या लग्नाची फुलांची मागणी निराळी आहे. तेलुगू भाषक कुटुंबातील नवरीच्या वेणीवर शेंड्यापर्यंत मोगरा व अबोली बांधतात. ते काम एका बाईला सकाळभर पुरते. ख्रिस्ती वधूला पांढऱ्या फुलांचा गुच्छ हवा असतो. गोंड समाजाच्या मांडवात मोहाच्या डहाळीला मान आहे. आणि आपल्या जिल्ह्यात बौद्ध समाजाची वस्ती मोठी आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ तारखेस, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. बौद्ध विवाहविधी आटोपशीर असतो. वंदना, प्रतिज्ञा, आणि एकमेकांच्या गळ्यात पुष्पमाला. इतर सोपस्कार नसल्यामुळे त्या मालेलाच महत्त्व येते, आणि मुहूर्ताचे बंधन नसल्याने अशी लग्ने बहुधा सुटीच्या दिवसांनी, विशेषतः उन्हाळ्यात, होतात. चैत्यवंदनेसाठी लागणारी फुले निराळीच. दरवर्षी ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर भरणारा मेळावा हीदेखील एक मोठी पेठ आहे.

आता फूल कोणते लावावे याचा विचार करू. येथे एक चूक सर्रास केली जाते. झेंडू आणि शेवंती ही ओळखीची पिके, म्हणून तीच लावावी असा सल्ला दिला जातो. शेवंतीला फुलण्यासाठी मोठी रात्र लागते. तुळशीच्या लग्नानंतर कार्तिक-मार्गशीर्षात होणाऱ्या विवाहांना ती आपण होऊन सजते, परंतु वैशाखात तिच्याकडून काहीही मिळावयाचे नाही. झेंडू उन्हाळ्यात येतो, पण फूल बारीक व विरळ राहते. भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर तुरीच्या जोडीला पावसाळ्यात लावण्यास तो उत्तम. टोमॅटोच्या वाफ्याभोवती लावल्यास सूत्रकृमींनाही आळा घालतो. लग्नसराईचा भार मात्र त्याच्यावर टाकू नये.

आपली बरीच लग्ने एप्रिल-मे महिन्यांत होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत भरभरून फुलणारे फूल म्हणजे मोगरा. तापमान वाढू लागले की इतर फुले माना टाकतात, मोगऱ्याला मात्र तेव्हाच बहर येतो. ठाणे-पालघर भागातील जव्हार व विक्रमगड या आदिवासी तालुक्यांत लहान लहान शेतकऱ्यांनी मोगऱ्याची लागवड करून दादरच्या फूलबाजारापर्यंत कळ्या पोहोचविल्या आहेत, हे उदाहरण आपल्या परिस्थितीस जवळचे आहे. त्यांना मुंबई जवळ आहे, आपल्याला नाही. म्हणून आपण कळी विकू नये, गजरा विकावा.

मोगऱ्यास चार-चार फुटांवर, म्हणजे सुमारे १.२ मीटर अंतरावर, झाड लावावे. या हिशेबाने दोन गुंठ्यांत १४० झाडे बसतात. घरामागची सांदवाडी पुरेशी आहे. कन्हार जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते, तेथे तो पिवळा पडून बसतो. मोरांड किंवा निचऱ्याची सिहार जमीन चांगली. पावसाळ्याच्या आरंभी छाट कलमे लावावी. पहिल्या वर्षी फुलांची आशा धरू नये, दुसऱ्या वर्षी थोडी आणि तिसऱ्यापासून नीट पीक येते. खरे कौशल्य छाटणीत आहे. मार्गशीर्षात पाणी दोन-तीन आठवडे तोडावे, मग जमिनीपासून सुमारे दीड फुटावर सर्व फांद्या छाटून, पाने उतरवून, बुंध्याशी शेणखत द्यावे व पाणी सुरू करावे. मार्चपासून कळी लागते. सगळी झाडे एकाच दिवशी छाटू नयेत. निम्मी डिसेंबरच्या प्रारंभी व निम्मी महिन्याभराने छाटली म्हणजे तोडणीचा काळ लांबतो, आणि एका आठवड्यात कळ्यांचा पूर व दुसऱ्या आठवड्यात दुष्काळ असे होत नाही.

कलमे कोणत्या झाडाची घ्यावी, हे शेतकऱ्याने स्वतः पाहून ठरवावे. आपल्याच जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या भाताच्या बांधीत काही निराळ्या लोंब्या पाहिल्या, त्या वेगळ्या ठेवल्या, वाढविल्या, आणि त्यांतून एचएमटी हा भात सर्वत्र गेला. तीच दृष्टी येथे हवी. गावात ज्या दारच्या मोगऱ्याला लवकर कळी येते, देठ लांब असतो व कळी टपोरी असते, त्याला चैत्रातच दोरा बांधून खूण करावी.

दुसरे पीक निशिगंधाचे. वरमालेचा मुख्य आधार तोच. सुट्या फुलांच्या हारासाठी एकेरी पाकळीचे ‘शृंगार’ किंवा ‘प्रज्वल’ आणि गुच्छाच्या दांड्यांसाठी दुहेरी ‘सुवासिनी’ किंवा निमदुहेरी ‘वैभव’ हे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे वाण वापरावे. एप्रिल-मे मध्ये गादीवाफ्यावर कंद लावले की तीन महिन्यांच्या सुमारास दांडे येऊ लागतात आणि एकदाचे कंद तीन वर्षे जागेवर ठेवता येतात. गुलाबाची दहा-वीस झाडे, थोडी अबोली, आणि कुंपणावर शतावरीचा वेल. एवढ्यावर हारवाल्या घराचे काम भागते. हरितगृहातील जरबेरा हवा असा आग्रह धरणाऱ्यांशी माझे पटत नाही. आपल्या उन्हाळ्यात, विजेचा भरवसा नसताना, लाखो रुपये गुंतवून एखाद्या लहान शेतकऱ्याने ते धाडस करावे असे मी सांगू शकत नाही. ज्याच्यापाशी भांडवल व बाजार दोन्ही आहेत, त्याने खुशाल करावे.

रानफुलांबद्दल विचारणा होते म्हणून लिहितो. पळस आणि बहावा दिसावयास डोळे दिपवितात, पण पळसाचे फूल ओवल्यावर मऊ पडते आणि बहाव्याच्या पाकळ्या मांडवाच्या दारातच गळतात. ती झाडावरच शोभतात. माजी मालगुजारी तलावांतील कमळाच्या कळ्या मात्र बाहेरच्या पाकळ्या आत दुमडून हाराच्या झुपक्यात फार सुंदर दिसतात. त्या घ्यावयाच्या तर तलाव ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिच्याशी आधी बोलावे.

आता प्रत्यक्ष हाताच्या कामाकडे वळू. कार्यकर्त्यांनी हे वाचून ठेवू नये, दहा स्त्रियांसमवेत बसून करून पाहावे.

मोगऱ्याची कळी सूर्योदयापूर्वी तोडावयाची. पूर्ण वाढलेली, पांढरी, पण मिटलेली. हिरवट कळी पुढे उमलत नाही आणि उमललेले फूल दुपारी पिवळे पडते. पहाटे तोडलेली पक्व कळी संध्याकाळी उमलते. गोरज मुहूर्तावरील लग्नाला ती वेळेवर येऊन हजर होते असे म्हणावयास हरकत नाही. तोडलेल्या कळ्या ओल्या फडक्यात, बांबूच्या टोपलीत सैल ठेवाव्या. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडल्यास त्या उबून तपकिरी होतात. गजरा बांधण्यास केळीच्या सोपाचे दोर सर्वांत उत्तम. खोडाचे सोप सुकवून, त्याच्या बारीक पट्ट्या काढून, वापरण्यापूर्वी तासभर पाण्यात भिजत ठेवाव्या. सोप ओल धरून ठेवतो, म्हणून गजरा सुती दोऱ्यापेक्षा अधिक वेळ ताजा राहतो, आणि देठाला काचत नाही. दोन कळ्या एका बाजूस, दोन विरुद्ध बाजूस, देठ एकमेकांवर ठेवून दोराचा फेर द्यावा व गाठ देठाच्या हिरव्या भागावर ओढावी. गाठ पाकळीवर आली की फूल तेथूनच काळे पडते. नवशिक्या हातांची ही एकच खोड निघाली तरी निम्मे काम शिकवून झाले.

वरमाला ओवावयाची ती सुईने. निशिगंधाचे फूल लांब नळीचे असते. सुई त्या नळीतून आरपार न्यावी, म्हणजे फुले एकात एक बसून दोरी दिसत नाही. जाड हारात फुले आडवी ओवून चारी बाजूंनी फिरवितात. दोरा दुहेरी, मेण लावलेला असावा. दर वीतभर अंतरावर गुलाबाचे फूल त्याच्या हिरव्या बुडातून सुई घालून बसवावे. पाकळ्यांतून सुई काढल्यास ते मांडवात सुटून पडते. मानेवर येणारा भाग नुसत्या दोऱ्यावर सुती पट्टी गुंडाळून मोकळा ठेवावा. दोन्ही बाजू समोरासमोर टांगून मोजाव्या, डोळ्यांवर विसंबू नये. हाराच्या जाडीविषयी एक शब्द. सांप्रत गुडघ्याखाली लोंबणारे, दोघांनी उचलावे असे हार घालण्याची चढाओढ लागली आहे. पोळ्याच्या बैलाच्या अंगावरही आपण इतका भार घालीत नाही. वैशाखाच्या उन्हात उपाशीपोटी उभ्या असलेल्या मुलीच्या मानेवर तो किती वेळ ठेवावा, याचा विचार लग्नघराने करावा. हार विकणारीने तसे सांगितल्यास तिची विक्री घटणार नाही.

नवरीच्या हातातील गुच्छ ही आपल्याकडे नवी मागणी आहे. पाश्चात्त्य देशांत वधूच्या फुलांना जुनी परंपरा आहे. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या विवाहात संत्र्याच्या मोहोराचा मुकुट घातला आणि पुढे तो रिवाज पसरला. आपला विभाग संत्र्याचा, तरी येथे कोणी तो मोहोर नवरीला देत नाही, हे एका परीने बरेच आहे. मोहोर तोडला की फळ गेले. आपला गुच्छ निशिगंध, गुलाब व शतावरीच्या पिसासारख्या पाल्याचा करावा. दांडे सूर्योदयाच्या सुमारास कापावे. निशिगंधाची तळची दोन-तीन फुले उमललेली असावी, आणि गुलाबाची कळी बाहेरची एक-दोन पाने सैल झालेली. कापताच दांडे बादलीत बुडवावे आणि पाण्याखालीच पुन्हा एकदा तिरपे कापावे, म्हणजे नळ्यांत हवा शिरून पाणी चढणे थांबत नाही. त्या पाण्यात लिटरला दोन लहान चमचे साखर व थोडा लिंबाचा रस घालावा आणि तीन-चार तास दांडे तसेच राहू द्यावे. मग खालची दोन तृतीयांश पाने व सर्व काटे काढावे. मधले फूल डाव्या हाताच्या अंगठा व तर्जनीत सरळ धरावे. पुढचा प्रत्येक दांडा त्यावर तिरपा, नेहमी एकाच दिशेने, ठेवीत जावे आणि दर दांड्यास गुच्छ हातातल्या हातात थोडा फिरवावा. दांडे आपोआप पेंढीच्या कमरेसारखे आवळतात. ज्यांनी भाताच्या पेंढ्या बांधल्या आहेत त्या बायांना हे शिकविण्यास वेळ लागत नाही, असा अनुभव आहे. जेथे दांडे एकमेकांस छेदतात तेथे सोपाने तीन फेर देऊन बांधावे, बुडखे एका पातळीत छाटावे, मुठीवर ओले सुती फडके व त्यावर कोरड्या कापडाची पट्टी गुंडाळावी. गुच्छाचे बुड समारंभाच्या घटकेपर्यंत पाण्यात असावे. पंधरा ते वीस दांडे पुरे. टोपलीतील मांडणी हवी असल्यास बांबूच्या परड्या आपल्याकडे बुरूड कारागीर करतात. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या मंडळींचीही मदत घेता येईल. यासाठी प्लास्टिकचा ठोकळा वा झगमगता कागद आणण्याची आवश्यकता नाही.

तयार माल ठेवण्यास शीतगृह लागत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला विजेविना चालणारा शीतकक्ष गावात बांधता येतो. विटांच्या दोन भिंती, मधल्या सुमारे तीन इंचांच्या फटीत नदीची वाळू, वर वाळ्याचे किंवा गवताचे ओले झाकण, आणि सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी. हवा जितकी कोरडी तितका आतला गारवा अधिक, यास्तव आपल्या उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा आत १० ते १५ अंश कमी तापमान राहू शकते. सावलीत, वारा लागेल अशा जागी तो बांधावा. पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही, परंतु तेव्हा लग्नेही नसतात.

औषधांच्या फवारणीबाबत मात्र मला कठोर शब्दांत लिहावयाचे आहे. भाजीवर कोणते औषध केव्हा मारावे याची निदान चर्चा तरी होते; फुलाची कोणी विचारपूस करीत नाही, कारण ते खाण्याचे नाही. पण गजरा केसांत माळला जातो, हार तासन्‌तास गळ्याशी असतो, मांडवातील लहान मूल पाकळी तोंडात घालते, आणि सर्वांआधी ते फूल गुंफणाऱ्या बाईच्या बोटांना लागते. ती त्याच हाताने भाकरी खाते. मोगऱ्यावर कळी पोखरणारी अळी येते. गुलाबी पडलेल्या, भोके दिसणाऱ्या कळ्या रोज वेचून नष्ट कराव्या, झाडाखालची माती हलवावी, निंबोळी अर्क फवारावा. तेवढ्याने न भागल्यास बहराचे दिवस सोडून उपाय करावा. तोडणी चालू असताना विषारी औषध मारू नये. दोन गुंठ्यांत हे हाताने होण्यासारखे आहे, आणि लागवड लहान ठेवण्याचा आग्रह धरण्याचे ते एक कारण आहे.

प्लास्टिकच्या फुलांशी स्पर्धा कशी करावी, असे विचारले जाते. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यांत फुग्यांच्या काड्या, झेंडे, सजावटीचा थर्माकोल यांची नावे आहेत. त्या यादीत प्लास्टिकच्या फुलांचा समावेश नव्हता. कायद्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. मांडवाच्या कमानीवर प्लास्टिक लागेलच. गळ्यातल्या हाराला व केसांतल्या गजऱ्याला वास लागतो, आणि तो कारखान्यातून येत नाही. आपली जागा तेथे आहे, तेवढीच धरावी.

काही शेतकरी बंधू म्हणतात की हे माळ्याचे काम, आपल्या जातीचे नव्हे. हा विचार महाराष्ट्रात तरी लाजिरवाणा मानला पाहिजे. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीरावांच्या घराण्याला ‘फुले’ हे नाव पेशव्यांना फुले पुरविण्याच्या धंद्यावरून पडले, आणि त्यांनीच पुरोहिताविना, साध्या पद्धतीने लग्ने लावण्याची वाट घालून दिली. ज्या हारांना गावातील प्रत्येक जात मान वाकविते ते गुंफण्यात कमीपणा कसला? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘पोटाचे सोडून फुले कशाला?’ त्यास माझे उत्तर असे की पोटाचे सोडूच नये. भाताच्या बांधीत फूल लावा असे मी सांगत नाही. सांदवाडीतील दोन गुंठे, घराच्या विहिरीचे वा नळाचे पाणी, आणि उन्हाळ्यातील रिकामे तास, एवढ्यापुरताच हा विचार आहे.

मजुरीच्या प्रश्नावर हा सारा उद्योग टिकेल किंवा बुडेल. आज दुकानदारांकडे हार ओवणाऱ्या स्त्रियांना नगावर पैसे मिळतात. सराईत त्या रात्र रात्र जागतात आणि एका हाराला किती वेळ गेला याचा हिशेब कोणाजवळ नसतो. उद्या बचत गटाने काम सुरू केले व किंमत दुकानाच्या किमतीवरून ठरविली, तर दुकानदाराचा नफा जाऊन गटाचा तोटा येईल, एवढाच फरक पडेल. म्हणून कार्यकर्त्याने पहिल्या दिवसापासून वहीत तीन गोष्टी लिहवून घ्याव्या. फुले किती वजनाची लागली, दोरा-सोपाचा खर्च काय, आणि काम किती तास चालले. शंभर कळ्यांचे वजन प्रत्येकीने स्वतः करून पाहावे, म्हणजे किलोच्या भावाचा आणि गजऱ्याचा संबंध हातात येतो. समजा एका हारास चार तास लागले, तर चार तासांची मजुरी शेतमजुरीच्या दराने लावून, फुलांचा बाजारभाव त्यात मिळवून, जी किंमत येईल तिच्याखाली उतरू नये. त्या किमतीला गिऱ्हाईक मिळत नसेल तर हार लहान करावा, मजुरी लहान करू नये. आणि पैसे ज्या बाईने काम केले तिच्या खात्यावर जावे. घरधन्याच्या खात्यावर नव्हे. हे लिहिणे काहींना आवडणार नाही, तथापि अनुदानाच्या यादीत पुरुषाचे नाव आणि वाफ्यात बाईची पाठ वाकलेली, हे चित्र आपल्या खात्याने पुष्कळ पाहिले आहे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, जी पुण्या-नाशिकच्या कार्यकर्त्याला लागत नाही. मार्च-एप्रिलच्या पहाटे आपल्या स्त्रिया मोहफुले वेचण्यास आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडण्यास जंगलात जातात, आणि वाघांची वस्तीही तेथेच आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानासाठी गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. हाराच्या कामाने मोह व तेंदूची मिळकत भरून निघेल, असा दावा मी करणार नाही. जंगलालगतच्या कुटुंबाला ती मिळकत वर्षभर पुरवावी लागते, आणि मोह तर अन्नही आहे. परंतु मोगऱ्याची तोडणी पडते त्याच महिन्यांत आणि त्याच पहाटेच्या वेळी, फक्त घराच्या कुडाजवळ. एखाद्या घरातील एक सून जरी त्या दोन महिन्यांत काही दिवस वनात न जाता सांदवाडीत थांबली, तरी ते मोजण्यासारखे आहे. यास्तव कोठारीसारख्या वनालगतच्या गावांत गट निवडताना आधी ज्या घरांत जंगलात जाणारी एकच स्त्री आहे, ती घरे घ्यावी.

कामाचा आवाका किती ठेवावा? येथे कार्यकर्त्यांचा उत्साह आवरावा लागतो. ग्रामपंचायतीच्या विवाहनोंदणीच्या पुस्तकातून मागील दोन वर्षांत कोणत्या महिन्यात किती लग्ने झाली ते उतरून घ्यावे. सर्व लग्ने नोंदली जात नाहीत, तरी सराईचा चढउतार त्यावरून दिसतो. विसापूर, बामणी, पळसगाव अशा चार-पाच गावांची बेरीज करून, त्यांतील निम्मी लग्नघरेच आपल्याकडे येतील असे धरावे, आणि त्या मापाने झाडे लावावी. एका गावात तीन-चार घरांहून अधिक लागवड प्रथम करू नये. वीस घरांनी एकदम मोगरा लावला तर तिसऱ्या वर्षी कळी पुन्हा नागपूरच्या गाडीत बसेल, या वेळी उलट दिशेने, आणि भाव पुन्हा दुसराच कोणी ठरवील.

बल्लारपूरच्या हारविक्रेत्यांना गटाने प्रतिस्पर्धी समजू नये. बहुतेकांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे, आणि तयार ताजे गजरे सकाळी आठच्या आत दुकानात पोहोचत असतील तर ते आनंदाने घेतील. पहिल्या हंगामात गटाने फक्त गजरे व वेण्या करून त्यांना द्याव्या. वरमाला व गुच्छ दुसऱ्या हंगामापासून, हात बसल्यावर, थेट लग्नघरी. झाडे वाढेपर्यंतच्या दोन वर्षांत नागपूरहूनच थोडे फूल आणून सराव करावा लागेल, त्याची तयारी आतापासून ठेवावी. कलमांसाठी खूण करावयाची झाडे या चैत्रात पाहून घ्यावी, म्हणजे पहिल्या पावसाबरोबर छाट लावता येतील.